मूठ बसल्याशिवाय फोटो नाही

४ नोव्हेंबर १९५७. संध्याकाळी.

आजपासून रोजनिशी नियमित. मागची मार्चात बंद पडली, त्याला कारण हिवताप. यंदा हिवताप आला तरी लिहायचं.

दमलो आहे. पिंपळझरीच्या रानात जंगलखात्याची हेडक्लार्की करणारा माणूस सकाळी उठतो तोच दमलेला उठतो. त्यात आज लटारू आला. लटारू म्हणजे भागीरथाचा धाकटा भाऊ, राहणार गोंडपिपरी. हा मेहुणा कधी रिकाम्या हाती येत नाही, एखादं काम घेऊनच येतो. या खेपेला आपल्या चंदासाठी स्थळ घेऊन आला. वरोऱ्याचा मुलगा, नाव दौलत, पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर, घरी शेती, व्यसन नाही. पण त्या लोकांना आधी मुलीचा फोटो पाहिजे. फोटो पसंत पडला तरच एवढ्या रानात यायची तसदी घेणार. लटारूचं म्हणणं, पोरीला चांद्याला नेतो, हाफिजच्या स्टुडिओत बसवतो, एका दिवसात काम फत्ते.

मी म्हटलं, घरात जर्मन कॅमेरा असताना स्टुडिओ कायले पाहिजे? माझी पोरगी काय रंगवलेल्या पडद्यावरच्या तळ्यासमोर बसणार आहे?

हा कॅमेरा जुन्या साहेबांनी बदलीवर जाताना मला दिला. सगळ्या ऑफिसात कलेची जाण कुणाला आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. भागीरथा म्हणते, त्यांचं सामान बांधून दिलं म्हणून दिला. असो. अजून फोटो काढलेला नाही, पण पुसून-पासून ठेवतो.

येत्या रविवारी चंदाचा फोटो. ठरलं म्हणजे ठरलं.

१० नोव्हेंबर. रविवार.

चंदा हिरवं पातळ नेसून, वेणीत शेवंती घालून अंगणात जांभळीखाली उभी राहिली. छान दिसत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

या कॅमेऱ्याची गंमत अशी की खिडकीतून पाहिलं की समोरच्या एका माणसाची दोन माणसं दिसतात. मग पुढचं कडं फिरवत जायचं. फिरवता फिरवता ती दोघं एकमेकांत मिसळली की अंतर बरोबर जुळलं, आता बटण दाबा. डाव्या हाताला कडं. उजव्या हाताला काय? काहीच नाही. नुसता गुळगुळीत पत्रा. एवढासा कॅमेरा, साबणाच्या वडीसारखा बोटांतून सटकतो. त्यामुळे चंदा मिसळायची, परत वेगळी व्हायची.

आज फोटो काढला नाही. रोलही नव्हता, पण तो दुय्यम प्रश्न.

निष्कर्ष: कॅमेऱ्याला मूठ पाहिजे. इंग्रजीत ग्रिप म्हणतात. कुऱ्हाडीला दांडा, जात्याला खुंटा, मग कॅमेऱ्यालाच का नाही? घरात समजावून सांगितलं. भागीरथा म्हणाली, मंग घट्ट धरा नं. बायकांना यंत्रातलं काय कळतं.

१३ नोव्हेंबर.

मूठ लावावी की लावू नये, यावर ऑफिसात बसून विचार केला. लावली तर कॅमेरा कोटाच्या खिशात जाणार नाही. ज्याने बनवला तो जर्मन काय मूर्ख होता? निर्णय: लावायची नाही. बोटांना सवय करायची. रोज सकाळी पाव तास नुसता धरून बसायचं.

१४ नोव्हेंबर.

पाव तास धरून बसलो. मनगट भरून आलं. लावायची.

१५ नोव्हेंबर.

जर्मन माणसाचे पंजे मोठे असतात. त्याला मुठीची गरज नाही. आपल्याला आहे. हा मुद्दा काल सुचला नव्हता. आता निर्णय पक्का. मूठ बसल्याशिवाय फोटो नाही, हे घरात जाहीर केलं. भागीरथानं माझ्याकडे पाहिलं आणि भात उतरवायला गेली.

२१ नोव्हेंबर.

भागीरथा आणि चंदा काल लटारूबरोबर चांद्याला महाकालीच्या दर्शनाला गेल्या होत्या, आज परतल्या. घरात शांतता होती म्हणून मुठीचा भरपूर विचार करता आला. चंदाच्या कानामागे पावडर राहिली होती. देवदर्शनाला पावडर लावून जायची ही नवीन टूम दिसते. हिरवं पातळही नेलं होतं. पोरीची हौस.

२४ नोव्हेंबर. रविवार.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून कॅमेऱ्यावर चिकटवला. चिकटला. दुपारपर्यंत हात काळे, कॅमेरा काळा, सदऱ्याची बाही काळी. तिन्ही सांजेला ट्यूब आपोआप गळून पडली. चंदानं सगळं रॉकेलनं पुसून दिलं. पोरगी गुणी आहे. माझी किल्ली, चपला, डबी, सगळं तिलाच सापडतं. भागीरथाला विचारलं तर ती म्हणते, तुमच्या डोळ्यासमोर हाये.

एक चांगली गोष्ट. लटारू आता फोटोचं विचारत नाही. पटलेलं दिसतं त्याला. उशिरा का होईना, माझ्या पद्धतीवर विश्वास बसला.

८ डिसेंबर. रविवार.

पत्रू सुताराला बोलावलं. आमच्या वसाहतीतल्या बैलगाड्या, बाजा, नांगर सगळं त्याच्याच हातचं. त्यानं कॅमेरा उलटा-पालटा करून पाहिला आणि विचारलं, याने काय तोडता? मी म्हटलं, तोडत नाही, फोटो काढतो. मग म्हणाला, तं मूठ कायले?

पुन्हा पहिल्यापासून समजावलं. थकलो.

शेवटी त्यानं माझी मूठ आवळायला लावली आणि सुतळीनं माप घेतलं. मी अंमळ जोरानंच आवळली. माप चोख असावं.

१५ डिसेंबर. रविवार.

मूठ आली. सागवानी. डेपोत पडलेल्या ढलपीतून काढली, त्यामुळे जात उत्तम. पण आकार कुदळीच्या दांड्याचा. कॅमेरा मुठीला लावायचा की मूठ कॅमेऱ्याला, असा प्रश्न पडावा. पत्रू म्हणाला, भाऊ, पुढं-मागं कॅमेरा बिघडला तं कुदळ लावून घ्यान.

परत पाठवली. चंदा आज साध्या घरच्याच पातळात होती. मी विचारलं, हिरवं का नाही नेसलीस? म्हणाली, आज काही फोटो होत नाई बाबा, मले माईत होतं. तिला माझ्या स्वभावातला हा काटेकोरपणा समजायला लागला आहे.

२९ डिसेंबर. रविवार.

दुसरी मूठ. सुबक. चार बोटांना चार खाचा. बसवायची कशी यावर पत्रूचा आणि माझा वाद. मी म्हटलं, स्क्रू. तो म्हणाला, यंत्रात स्क्रू ठोकला तं यंत्र मरते. मग त्यानं लाख वितळवली. पळसाच्या झाडावरची, अस्सल. लाखेनं मूठ अशी काही बसली की आता ओढून निघत नाही. कॅमेरा मुठीत धरला. दगडासारखा स्थिर. डोळ्यात पाणी आलं, थोडं लाखेच्या धुरानंही असेल.

पुढच्या रविवारी फोटो. आता फक्त रोल आणायचा. रोल चांद्याशिवाय मिळत नाही. दोन दिवसांची रजा टाकतो.

१२ जानेवारी १९५८.

रजा मंजूर व्हायला वेळ लागला. रजेच्या अर्जांची फाइल माझ्याच टेबलावर असते, पण कामाची गर्दी.

१६ जानेवारी. चांदा, हाफिजच्या दुकानाजवळची खानावळ.

आजचा प्रसंग सविस्तर लिहून ठेवतो. असे प्रसंग खात्यात क्वचित घडतात.

सकाळी बशीर ड्रायव्हरच्या मोटारीत बसलो. कॅमेरा मुठीत, मूठ मांडीवर. नाक्यावर मोटार थांबली. आमच्या खात्याचा नियम असा की सागवानाच्या प्रत्येक तुकड्यावर हातोड्याचा शिक्का पाहिजे. शिक्का नसेल तर नाक्यापलीकडे जाऊ द्यायचं नाही. नाकेदार मुखरू आत डोकावला, त्यानं माझ्या मांडीवर पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, साहेब, हे सागवान दिसते?

आता पावसाळ्यात निघालेलं सर्क्युलर मीच लिहिलेलं आहे. 'लाकूड मोठे की छोटे असा भेदभाव करू नये.' याच मुखरूनं एका बाईचा विनाशिक्क्याचा पोळपाट सोडून दिला म्हणून मीच त्याला मेमो दिला होता. आता सगळी मोटार माझ्याकडे पाहून राहिली होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे रे मुखरू. मी खाली उतरलो. म्हटलं, नियम तो नियम. मार शिक्का.

मुखरू म्हणाला, मूठ काढून द्या, मारतो. मूठ निघेना. लाख. मग म्हणाला, राहू द्या साहेब, मी काही पाह्यलं नाई. मी म्हटलं, पाहिलं आहेस. तसाच मार. तर तो दोन पावलं मागेच सरकला.

"मी नाई मारत बाप्पा. यंत्र हाय ते. तुमचं तुमीच मारा."

मारला. कॅमेरा नाक्याच्या ओंडक्यावर ठेवला, मूठ वर केली आणि हातोडा घातला. तो हातोडा मोठाल्या ओंडक्यांसाठी असतो, पण माझा नेम चांगला. शिक्का काय सुरेख उठला! कॅमेऱ्याच्या आत कुठंतरी टक झालं. नवीन वस्तू जागेवर बसताना असा आवाज येतोच. बशीरनं मोटार सुरू केली. बाकीचे उतारू वाटभर माझ्याशी बोलले नाहीत. आदरापोटी असावं.

हाफिजकडे रोल घेतला. बरा माणूस आहे, वय झालेलं, बोलणं गोड. त्यानं खिडकीतून पाहिलं, कडं फिरवलं, परत पाहिलं. म्हणाला, गुणवंतभाऊ, इसमें दोनों तस्वीरें मिल नहीं रहीं. कुठी पडला होता का? मी प्रामाणिकपणे सांगितलं, पडलेला नाही.

त्याच्या काचेच्या कपाटात नमुन्याचे फोटो मांडलेले. त्यात एक मुलगी, मागे तेच रंगवलेलं तळं आणि हंस. चेहरेपट्टी थोडीशी आपल्या चंदाच्या वळणाची. पण कुठे चंदा आणि कुठे ही! डोळे भेदरलेले, हात कुठे ठेवावे ते उमगलेलं नाही. हाफिजला म्हटलं, बघा, मुठीशिवायचा कॅमेरा म्हणजे हे असं होतं. हाफिजला एकदम खोकला आला. त्यानं चहा मागवला आणि मला कपाटाकडे पाठ करून बसवलं. त्याचा धंदा आहे, त्याला लागलं असेल. मी फार बोलायला नको होतं.

१७ जानेवारी.

दोन चित्रं मिसळत नाहीत याचा अर्थ माझे डोळे. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, नंबर नाही. मी म्हटलं, आहे. बराच वेळ घासाघीस झाल्यावर त्यानं बारीकसा नंबर काढून दिला. चष्मा घेऊनच परतलो. भागीरथानं दारातच कपाळावर हात मारला. चंदा म्हणाली, शोभतो तुमाले.

२ फेब्रुवारी. रविवार.

चष्मा लावून पाहिलं. मूठ घट्ट. हात स्थिर. चंदा जांभळीखाली. खिडकीत दोन चंदा. कडं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, काही केल्या एक होईनात. बराच वेळ पाहत राहिलो. एक हसून राहिली होती, दुसरीही हसूनच राहिली होती.

खरंच दोन असत्या तर एक वरोऱ्याला दिली असती आणि एक घरी ठेवून घेतली असती.

हे कुठं बोलायचं नाही. रोजनिशी आपलीच आहे म्हणून लिहिलं. घाई तरी काय आहे? फोटो गेला की पाहुणे येणार. पाहुणे आले की सुपारी फुटणार. मग संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाण्याचा तांब्या कोण देणार? भागीरथा देते, नाही असं नाही, पण आदळून देते. चंदा ठेवून देते आणि थोडा वेळ तिथंच बसते. ऑफिसात आज काय झालं ते विचारते. तिच्याशिवाय ते कुणी विचारत नाही. चंदा नसलेलं घर मला नको वाटतं.

तेव्हा चष्म्याची सवय होईपर्यंत थांबणं शास्त्रशुद्ध.

२३ फेब्रुवारी. रविवार.

आजचं आजच लिहून ठेवतो.

दुपारी दारात बैलगाडी. लटारू, मागे वरोऱ्याचे पाहुणे, मुलगा स्वतः आणि त्याचे वडील. मला वर्दी नाही, काही नाही. भागीरथाचं सगळं तयार. पोहे तयार, सतरंजी झटकलेली. मी म्हटलं, हे कसे आले? अजून तर फोटोही गेला नाही. ती म्हणाली, आता टोपी घाला.

मुलाचे वडील बसल्या बसल्या म्हणाले, गुणवंतराव, फोटो फारच छान आला. मी मान लववली. म्हणजे माझ्या प्रयत्नांचा बोलबाला वरोऱ्यापर्यंत गेला तर! ग्रिपचं महत्त्व त्यांना सांगायला सुरुवात केली. चांगला अर्धा तास सांगितलं. मुलगा फार शांतपणे ऐकत होता. मग वडिलांनी कोटाच्या आतल्या खिशातून फोटो काढून माझ्या हातात दिला.

मागे तळं. हंस. भेदरलेले डोळे. माझीच चंदा.

मी भागीरथाकडे पाहिलं. तिनं पदर नीट केला.

"तुमी मूठ करून राह्यले होते. तवाच नेली मी तिले चांद्याले. पोरीचं वय काय तुमच्या मुठीसाठी थांबते?"

सगळ्यांना माहीत होतं. लटारूला, हाफिजला, चंदाला. मला मुठीत गुंतवून ठेवलं होतं, म्हणजे मी मध्ये येणार नाही. मला राग यायला पाहिजे होता. राग आला नाही, नुसता थकवा आला. साक्षगंधाचा मुहूर्त ठरला, लग्न मे महिन्यात. मी सगळ्याला हो म्हटलं.

संध्याकाळी चंदा तांब्या घेऊन आली. नेहमीसारखी बसली. मी टोपी खुंटीला लावली. तीच म्हणाली, "बाबा, तो फोटो त्यायच्यासाठी होता. मले तुमी काढलेला पायजे. तिकडे न्यायले."

२४ फेब्रुवारी.

रात्रभर विचार केला. एका अर्थी हे बरंच झालं. तो घाईचा फोटो होता, व्यवहाराचा. खरा फोटो आता होणार. मेपर्यंत वेळच वेळ. मी कामाला लागतो.

१६ मार्च. रविवार.

होळीच्या गडबडीत राहून गेलं. शिवाय मुठीतली तर्जनीची खाच थोडी खोल वाटते. पत्रूला दाखवतो.

६ एप्रिल. रविवार.

पत्रू म्हणतो, खाच बरोबर आहे, बोट वाळलं. ऊन सुरू झालं, कामं वाढली, माणूस वाळणारच. लाकूड भरायला सांगितलं. तो हो म्हणाला आणि मांडवाच्या बल्ल्या तोडायला निघून गेला.

२० एप्रिल. रविवार.

उद्या नक्की.

२१ एप्रिल.

रोल कुठे ठेवला ते सापडेना. चंदाला विचारलं. तिनं तांदळाच्या कोठीमागून काढून दिला. तिकडे कुणी ठेवला, असं विचारलं. म्हणाली, तुमीच, थंडा राहावा म्हून. ती गेल्यावर हे कोण सांगणार? रोल हातात घेऊन बसून राहिलो. तिला भागीरथानं हाक मारली. मग उजेड गेला.

१ मे.

चंदाला हळद लागली. पिवळा चेहरा काळ्या-पांढऱ्या फोटोत कसा येईल याचा माझा अभ्यास नाही. धोका नको.

४ मे. रविवार. संध्याकाळी.

लग्न काल लागलं. आज चंदा गेली.

लिहू नये असं वाटतं. पण नियमित लिहायचं ठरलं आहे.

भर दुपारी बशीरची मोटार दारात. या दिवसांत आमच्याकडे दुपारी बारानंतर कुत्रंही सावली सोडत नाही, पण मुहूर्त म्हणजे मुहूर्त. बायका रडत होत्या. चंदा सगळ्यांच्या पाया पडून मोटारीपाशी आली, थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, आता काढता का?

सगळे थांबले. मी धावत आत गेलो. कॅमेरा सकाळीच रोल घालून खिडकीत तयार ठेवला होता, उन्हात तापून निखारा झालेला. घेऊन आलो. समोर उभा राहिलो. डोळ्याला लावला. आणि माझा हात कापायला लागला. खोटं कशाला लिहू, दोन्ही हात कापत होते. मी मूठ आवळली. सगळा जीव एकवटून आवळली.

मूठ हातात राहिली. कॅमेरा सुटला.

उन्हानं लाख पातळ झाली होती. नवरदेव दौलत बाजूलाच उभा होता. त्यानं खांद्यावरचा शेला पुढे केला आणि कॅमेरा अलगद झेलला. हसला नाही. बाकी कुणी हसलं असलं तर मला ऐकू आलं नाही. त्यानं खिडकीतून पाहिलं, म्हणाला, हे जुळत नाही वाटतं, काही हरकत नाही. नुसत्या नजरेनं माप घेतलं, बारा फूट असेल म्हणाला, कड्यावर आकडा लावला. सगळ्यांना जवळ उभं केलं. चंदाला मध्ये, भागीरथाला तिच्याजवळ, मला दुसऱ्या बाजूला. नुसत्या दोन हातांत धरला आणि बटण दाबलं. एवढंच. मी मोजलं नाही, पण मला शिंक यायलाही जास्त वेळ लागतो.

उरलेला रोल त्यानं पाहुण्यांवर संपवला आणि धुवायला वरोऱ्याला घेऊन गेला. मी म्हटलं, जावईबापू, कॅमेराही न्या. तो म्हणाला, राहू द्या, तुमाले लागेल.

मोटार गेली. भागीरथानं पाण्याचा तांब्या आणून दिला. आदळला नाही. मग मात्र मला रडू आलं.

१ जून. रविवार.

लटारू मूळ घेऊन वरोऱ्याला गेला होता. चंदाला घेऊन आज आला. लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली आहे. अंग भरलं आहे. बोलणंही थोडं मोठ्या बाईसारखं झालं आहे. आल्या आल्या माझा चष्मा शोधून दिला.

मग ट्रंकेतून फोटो काढला. काच लावलेला, चौकट केलेली. तिकडे घरात भिंतीवर लावला आहे, मला दाखवायला काढून आणला, परत न्यायचा आहे.

फोटो एकदम स्पष्ट आला आहे. दुर्दैवानं. भागीरथा तोंडाला पदर लावून चंदाकडे पाहते आहे. लटारू चंदाकडे. शेजारपाजारच्या बाया चंदाकडे. बशीर ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून मान काढून चंदाकडेच. तिच्या अगदी जवळ, खांद्याला खांदा लावून मी उभा आहे. उजवा हात छातीपाशी, हातात सागवानाची मूठ. तोंड उघडं. आणि मी पाहतो आहे मुठीकडे.

पोरगी चालली, सगळं गाव तिच्याकडे पाहून राहिलं, आणि बाप लाकडाकडे. वरोऱ्याच्या भिंतीवर हे असं कायमचं लागलं.

चंदाला विचारलं, दुसरा नव्हता का? म्हणाली, गंज हायेत, रोलभर, पण तुमी याच्यातच हाये, म्हून हाच लावला. मला ते सहन झालं नाही. सांगितलं, हा भिंतीवरून काढ. उद्या सकाळी जांभळीखाली दुसरा काढू, नीट. मूठबीठ काही नको. नुसता हातानं धरतो, तुझा नवरा धरतो तसा. तू आणि मी, दोघंच. मी तुझ्याकडे पाहतो आहे असा. कॅमेरा मी आत्ताच पुसून ठेवतो.

चंदानं फोटोची काच पदरानं पुसली. मग हळूच म्हणाली, "तुमीच काढाल तं तुमी त्याच्यात कसे याल, बाबा?"

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.